परकोट आणि पाणी

आमच्या चांद्याचे सरकारी नाव चंद्रपूर झाले, त्याला आता साठ वर्षे होऊन गेली. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, दप्तरे बदलली. रेल्वेने मात्र आपल्या एका स्टेशनाचे नाव 'चांदा फोर्ट' असेच राहू दिले आहे. गोंदियाकडून येणारा नवखा प्रवासी तेथे उतरतो, पाटीवरचा 'फोर्ट' हा शब्द वाचतो आणि मान उंच करून डोंगर शोधू लागतो. रायगड-देवगिरी पाहिलेल्या माणसाची ती सवयच आहे. त्याला डोंगर दिसत नाही, म्हणून किल्लाही दिसत नाही. त्याला कोणी तरी सांगायला हवे की बाबा रे, इथे किल्ला गावात नाही. गावच किल्ल्यात आहे.

आमच्याकडे या तटाला 'परकोट' म्हणतात. दहा-अकरा किलोमीटरांचा घेर, पंधरा-वीस फुटांची उंची, घडीव दगडांचे बांधकाम आणि ३९ बुरूज. दरवाजे चार : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. त्यांखेरीज पाच लहान वाटा, त्यांना खिडक्या म्हणतात : हनुमान, विठोबा, चोर, मसण आणि बगड. या नावांकडे जरा लक्ष द्यावे. देवाला वाट आहे, चोराला वाट आहे, मेलेल्या माणसालाही वाट आहे. ज्याने हे गाव आखले त्याने माणसाच्या सगळ्या गरजा ध्यानात घेतल्या होत्या. दरवाजांवर हत्तीला पायाखाली दाबणारा सिंह कोरला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह. जटपुरा दरवाजातून आज मोटारी आणि ऑटोरिक्षा एकमेकींना खेटून निघतात, हॉर्नांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. वरच्या सिंहाकडे पाहण्याची सवड कोणाला नसते.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही. मुलांना शिकवणे हा माझा पोटाचा धंदा आणि कादंबऱ्या लिहिणे हे व्यसन. परंतु ज्या गावात माणूस राहतो, त्या गावाबद्दल बोलायला त्याला पदवी लागत नाही. आणि गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आमच्या गावात जे घडले, ते कोणी तरी जुन्या इतिहासाशी जोडून सांगावे असे मला फार दिवस वाटत होते. वर्तमानपत्रात त्याच्या बातम्या आल्या. पण बातमीला कालचे आठवत नाही, मग पाचशे वर्षांपूर्वीचे कुठून आठवणार?

तेव्हा थोडे मागे जाऊ.

१८६९ साली मेजर लूसी स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचा अहवाल लिहिला. गृहस्थ आला होता शेतसारा ठरवायला. पण त्याने गोंड राजांची वंशावळ आणि लोकांच्या तोंडच्या कथाही टिपून ठेवल्या. आज चांद्याच्या जुन्या इतिहासाविषयी आपण जे बोलतो त्यातले पुष्कळसे त्याच्याच वहीतून आले आहे. त्यातली गावाच्या जन्माची कथा अशी :

पंधराव्या शतकाच्या अखेरीस खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा वर्धा नदीच्या काठी बल्लारपुरास राज्य करीत होता. त्याचे अंग गाठींनी भरलेले होते, आणि कोणत्याच औषधाचा गुण येत नव्हता. एके दिवशी तो शिकारीला निघाला आणि तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. तेथे खडकातल्या एका लहानशा खळग्यात पाणी साठलेले होते. राजाने ते प्यायले, त्याने हातपाय धुतले, आणि घरी जाऊन त्या रात्री तो गाढ झोपला. सकाळी राणी पाहते तो गाठी नाहीशा झालेल्या. राणी मोठी शहाणी. ती राजाला घेऊन त्या जागी परत गेली. वाळू उपसली तेव्हा खडकात गाईच्या खुरांसारखे पाच ठसे दिसले, पाण्याने भरलेले. कितीही उपसा, पाणी कमी होईना. तेथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे त्याच परिसरात एक विपरीत दिसले : एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राणीने सांगितले, ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने तट घाला, इथे गाव वसवा.

कथा खरी की खोटी, हा प्रश्न मुले विचारतात. मी त्यांना सांगतो, की सशाचे सोडून द्या. पण हे बघा, की आपल्या गावाने स्वतःच्या जन्माची जी गोष्ट जपून ठेवली, तिच्यात लढाई नाही, खजिना नाही. एक आजारी माणूस आहे, एक शहाणी बाई आहे आणि न आटणारे पाणी आहे. पाणी सापडले म्हणून गाव वसले. तट मागाहून आला.

तटाचे काम पिढ्यानपिढ्या चालले. खांडक्याने आखणी केली. ते पुरे झाले धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे सुमारे शंभर वर्षांनी. या मधल्या राजांपैकी हीरशहाबद्दल परंपरा सांगते, की त्याने रयतेला दोन वचने दिली. जंगल साफ करून जो गाव वसवील, त्याला त्या गावाची सनद. आणि जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन. आमच्या भागात कितीतरी गावांच्या नावामागे 'तुकूम' हा शब्द लागतो, खुद्द चंद्रपुरात त्या नावाची मोठी वस्ती आहे. तो त्याच काळच्या वहिवाटीची आठवण देतो. भंडाऱ्यापासून चांद्यापर्यंत पसरलेली कोहळी जमात तर तलाव बांधण्यातच वाकबगार. उतार पाहून कुठे पाळ घालावी आणि कुठे पाट सोडावा हे त्यांच्या हातात होते, कागदावर नव्हते. राजाने बांधकामाचे खाते उघडले नाही. त्याने एवढेच केले, की पाणी अडवणाऱ्याचे पोट त्या पाण्याशी बांधून टाकले.

गावाच्या आत रामाळा तलाव आहे. रामशहा राजाचे नाव त्याने धारण केले आहे. तटाच्या आत एवढा मोठा तलाव असणे यातच शहाणपणा होता. शत्रूने वेढा घातला तरी गाव तहानेने मरू नये, आणि तलावाच्या झिरपणीने गावातल्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहावे. वैशाखात आमच्याकडचे ऊन सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर जाते. ज्याने ते सोसले आहे त्यालाच तलावाची किंमत कळते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो राजवटी बदलण्याचा आहे आणि तसा सगळीकडचा सारखाच असतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने तोफा लावून तटाला खिंडार पाडले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. त्या दिवशी परकोटाचे लष्करी काम संपले. आणि ज्या भिंतीचे काम संपते, तिच्याकडे गाव काय दृष्टीने पाहू लागते हे सांगायला नको. कोणी तिचा दगड नेला, कोणी तिला पाठ लावून घर बांधले, आणि सगळ्यांनी मिळून तिच्या पायथ्याशी कचरा टाकला.

तलावांचेही असेच झाले, फक्त वेगळ्या वाटेने. इंग्रजांनी मालगुजारी पद्धत आणली. तलाव मालगुजारांच्या मालकीचे झाले. मालगुजार काही संत नव्हते. पाळीवर माती टाकायला वेठीने माणसे राबत, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण पाळ फुटली तर मालगुजाराचेही भात बुडत होते, म्हणून पावसाळ्याआधी पाळीवर माती पडत होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तलाव सरकारकडे आले. त्यांना नाव पडले 'माजी मालगुजारी तलाव'; आणि कचेरीच्या भाषेत त्याचे झाले 'मामा तलाव'. मामाचा तलाव म्हटला की भाच्याने त्यात डुंबावे, मासे धरावे. गाळ काढायची चिंता मामाची! विदर्भात असे हजारो मामा तलाव गाळाने भरत गेले. वेठ गेली, आणि तिच्याबरोबर कामही गेले. वेठीवाचून तेच काम कसे करावे, हे आम्हांला कोणी शिकवले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

आता कोळशाकडे येतो. कोळसा आमच्या जमिनीखाली आहे हे इंग्रजांना लवकरच कळले. वरोऱ्याची खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ पर्यंत चालली. पुढे बल्लारपूर, घुग्घूस, दुर्गापूर अशा खाणी गावाभोवती वाढत गेल्या. १९८० नंतरच्या काळात इरई नदीवरच्या धरणाच्या पाण्यावर आणि याच कोळशावर महाऔष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. मुंबई-पुण्याच्या घरात बटण दाबल्याबरोबर जो उजेड पडतो, त्यात आमच्या कोळशाचा वाटा असतो. उजेड तिकडे जातो, राख इकडे राहते. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक राख असते. ती चिमण्यांतून, वाहनांतून, राखेच्या तळ्यांतून हवेत आणि पाण्यात येते. आमच्या बायका वाळत घातलेले कपडे झटकून घडी करतात, आणि गच्चीवर बोट फिरवले तर बोट काळे होते.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक परिसरांना प्रदूषणाचे गुण दिले. शंभरापैकी चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा क्रमांक आला. पहिले तीन अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. शाळेत चौथा नंबर आलेला मुलगा पेढे वाटतो. त्या वर्षी हा नंबर वर्गात सांगितला, तेव्हा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मग प्लांट बंद होईल काय? माझे बाबा तिथंच कामाले आहेत."

या प्रश्नाला माझ्याजवळ सोपे उत्तर नव्हते. आजही नाही. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे बाप खाणीत, वीजकेंद्रात, सिमेंटच्या कारखान्यात किंवा त्यांच्यावर चालणाऱ्या ट्रकांवर आहेत. मुलांच्या डब्यातली पोळी त्याच राखेतून येते. पर्यावरणावर भाषण करणाऱ्याने आधी या मुलासमोर उभे राहावे, मग तोंड उघडावे, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच, ज्या लोकांनी या गावात उभे राहून तोंड उघडले, त्यांच्याविषयी लिहिणे मला महत्त्वाचे वाटते.

त्यांच्या संस्थेचे नाव इको-प्रो. नाव इंग्रजी, माणसे इथलीच. बंडू धोतरे या तरुणाने ती उभी केली. तो पुढे जिल्ह्याचा मानद वन्यजीव रक्षकही झाला. वन्यप्राण्यांना वाचवणे, जंगल आणि गाव यांच्यातली भांडणे सोडवणे अशा कामांतून ही मंडळी एकत्र आली. कोणी दुकानात बसणारा, कोणी नोकरी करणारा, कोणी शिकणारा. पगारी कार्यकर्ता ठेवून चालणारी ही संस्था नव्हे. सकाळी दोन तास गावाचे काम आणि मग आपापल्या कामावर.

२००९ मध्ये पहिला मोठा प्रसंग आला. मूल मार्गावर, शहरापासून हाकेच्या अंतरावर, लोहारा येथील जंगलात उघडी कोळसा खाण काढण्याचे ठरत होते. कोळशाचे ते क्षेत्र अदानी समूहाच्या वीजप्रकल्पासाठी दिले गेले होते. लोहाऱ्याचे जंगल म्हणजे ताडोबाचा दक्षिणेकडचा उंबरठा. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे. अंधारी अभयारण्य त्याला जोडून १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र ६२५ चौरस किलोमीटर. पण वाघाला चौरस किलोमीटर समजत नाहीत. तरुण वाघ मोठा झाला की त्याला आईचे राज्य सोडून दुसरीकडे जावे लागते, आणि त्याची वाट अशाच जंगलांतून जाते. वाट बुजवली तर वाघ थांबत नाही. तो गावातून जातो. याचे परिणाम आमचा जिल्हा आजही भोगतो आहे. दरवर्षी मोहफूल वेचायला, सरपण आणायला, गुरे राखायला गेलेली माणसे वाघाच्या तोंडी पडतात, आणि ती बहुधा गरीबच असतात.

लोहाऱ्याच्या खाणीविरुद्ध गाव उठले. अनेक संस्था, अनेक पक्षांची माणसे त्यात होती. पण लोकांच्या मनात राहिले ते बंडू धोतरे यांचे उपोषण. मांडवाखाली अन्न सोडून पडून राहायचे, दिवसांमागून दिवस, हे सोपे नव्हते. त्या उपोषणाने शहराला पहिल्यांदाच विचार करायला लावले, की कोळसा निघेल तिथे खाण व्हायलाच हवी असा काही निसर्गनियम नाही. पुढे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्या खाणीची परवानगीची प्रक्रिया थांबवली. २०१० साली ताडोबाभोवतीचे सुमारे अकराशे चौरस किलोमीटर क्षेत्र बफर म्हणून जाहीर झाले.

आमच्या भागाला अशा लढ्याची ओळख नव्हती असे नाही. १९८४ साली बाबा आमटे आणि आदिवासी पुढारी यांनी इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध हजारो आदिवासींना एकत्र केले होते; ती धरणे आजवर उभी राहिली नाहीत. पण त्यात आणि यात एक फरक आहे. आदिवासीचे घर, शेत, देव सगळे धरणाच्या पाण्याखाली जाणार होते. त्याला आपले काय जाते आहे हे सांगावे लागले नाही. शहरातल्या पगारदार माणसाला लोहाऱ्याच्या जंगलाबरोबर आपले काय जाते हे दिसत नाही. त्याचे घर जागच्या जागी राहते, पगार पहिल्या तारखेला येतो. जाते ते हळूहळू जाते : विहिरीचे पाणी, पहाटेचा गारवा, मुलाच्या छातीतला श्वास. हळूहळू जाणाऱ्या गोष्टीसाठी माणसे जमवणे हे फार कठीण काम आहे.

मला वाटते, म्हणूनच या मंडळींनी पुढे जी वाट धरली ती मोठी शहाणपणाची होती. त्यांनी हातात झाडू घेतला.

१ मार्च २०१७ रोजी इको-प्रोने परकोटाची सफाई सुरू केली. लोकांना वाटले, चार दिवस फोटोपुरते चालेल. पण दिवसांमागून दिवस गेले. रोज सकाळी माणसे येत, विळे, कुऱ्हाडी, फावडी, घमेली घेऊन. तटाच्या पायथ्याशी वर्षानुवर्षांचा कचरा होता, माती होती, काटेरी झुडपांचे रान होते. काही बुरूज तर आहेत हेच लोक विसरले होते. झुडपे काढल्यावर ते नव्याने सापडल्यासारखे उभे राहिले. शे-दोनशे दिवस हे चालले तेव्हा त्याची बातमी दिल्लीपर्यंत गेली, आणि २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांनी आपल्या 'मन की बात' मध्ये चंद्रपूरच्या किल्ल्याच्या सफाईचा उल्लेख केला. गावाला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माणसे पुन्हा घमेली घेऊन तटावर गेली, हे मला त्या उल्लेखापेक्षा मोठे वाटते.

या कामाला अडचणी होत्या, त्या बाहेरच्यांना कळत नाहीत. परकोट हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक. तिथे निखळलेला दगडही आपल्या मनाने परत बसवता येत नाही. चुना की सिमेंट, हा निर्णय तज्ज्ञांचा. स्वयंसेवकाच्या हाती राहते ती फक्त सफाई. आणि सफाईतही एक विनोदी पेच होता. तटाचा खरा शत्रू पिंपळ. कावळा-मैना फळ खातात, बी दगडांच्या सांध्यात पडते, तिथे थोडी माती आणि ओल असतेच. मूळ बारीक केसासारखे आत शिरते आणि मग जाड होत होत दगड फोडते. तोफेने एका दिवसात जे केले, ते पिंपळ पन्नास वर्षांत करतो. तेव्हा जी मंडळी जंगलासाठी उपाशी राहिली होती, तीच कुऱ्हाड घेऊन पिंपळावर चढलेली पाहून एका म्हाताऱ्या गृहस्थाने मला विचारले, "मास्तर, हे झाडं वाचवणारे ना? मग झाडंच कापून राहिले!" मी त्यांना म्हटले, काका, झाड कुठे असावे आणि कुठे नसावे हे कळणे म्हणजेच झाडाची माया. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे. पण पुढच्या रविवारी ते तटावर फिरायला आले होते.

कारण सफाईपाठोपाठ या मंडळींनी दर रविवारी लोकांना परकोटावरून फिरवून आणायला सुरुवात केली. मीही माझी मुले घेऊन गेलो आहे. तटावरून चालताना एका बाजूला गाव दिसते आणि दुसऱ्या बाजूला नदी. ज्या मुलांनी जटपुरा दरवाजा फक्त गर्दीत अडकलेल्या स्कूटरवरून पाहिला होता, ती मुले त्या सिंहाकडे वर मान करून पाहत राहिली. एका मुलीने विचारले, "सर, हे सारं गोंडांनी बांधलं? मग आमच्या पुस्तकात गोंड एवढेसेच कसे?" ती मुलगी स्वतः गोंड होती. शाळेत तिने तोंड उघडलेले मी क्वचितच पाहिले होते. त्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. परकोट साफ करण्याने नुसता दगड स्वच्छ झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी ते चालणे पाहायला हवे होते.

तटानंतर पाळी आली तलावाची. रामाळा तलावात गावाचे सांडपाणी येत होते. सांडपाण्यातून जे येते ते वनस्पतीला खतच. त्यावर जलपर्णी माजली आणि तिने पाणी झाकून टाकले. खाली उजेड नाही, प्राणवायू नाही. मासे तगायचे कसे? रामशहाच्या तलावावर हिरवा गालिचा पसरला, आणि दुरून जाणाऱ्या माणसाला ते मैदानच वाटावे! निवेदने झाली, बैठका झाल्या. तलाव कोणाचा, नाला कोणाचा, पैसा कोणत्या खात्याचा, या प्रश्नांत वर्षे गेली. हे सरकारी माणसांच्या दुष्टपणामुळे होते असे मला वाटत नाही. पाच खात्यांचा एक तलाव म्हणजे पुन्हा मामाचा तलाव. शेवटी २२ फेब्रुवारी २०२१ रोजी बंडू धोतरे पुन्हा उपोषणाला बसले. मार्चमध्ये राज्याच्या पर्यावरण मंत्र्यांपर्यंत विषय पोहोचला, आश्वासन मिळाले, उपोषण सुटले. आणि त्या उन्हाळ्यात तलाव रिकामा करून गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले.

इथे मला एक शंका बोलून दाखवली पाहिजे. ती न बोलता नुसती स्तुती केली तर लेख खोटा होईल. सव्वातीन लाख वस्तीच्या शहराचा तलाव साफ होण्यासाठी एका माणसाला अन्न सोडावे लागावे, ही त्या माणसाच्या मोठेपणाची गोष्ट आहे आणि शहराच्या लहानपणाचीही. उपोषणाने प्रश्न दारापर्यंत जातो. पण रोज येणारे सांडपाणी उपोषणाने शुद्ध होत नाही. त्याला यंत्रणा लागते, ती चालवणारा माणूस लागतो आणि ती चालते की नाही हे विचारणारे गाव लागते. शिवाय तटाला टेकून जी घरे उभी आहेत ती गरिबांची आहेत. वारसा सुंदर दिसावा म्हणून त्यांना एका सकाळी उठवून लावले, तर खांडक्याच्या त्या शहाण्या राणीलाही ते आवडणार नाही. त्यांना आधी छप्पर, मग तटाला मोकळी हवा, हा क्रम सुटता कामा नये.

पण शंका असूनही मी या मंडळींच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण हीरशहाच्या त्या जुन्या वचनात आहे. पाणी अडवणाऱ्याला पाण्याखालची जमीन मिळत असे; कामाचा आणि फळाचा संबंध डोळ्यांना दिसत होता. आज तो संबंध तुटला आहे. वीज येते ती कुठून, सांडपाणी जाते ते कुठे, हे शहरातल्या माणसाला दिसत नाही, म्हणून त्याला आपले कर्तव्यही दिसत नाही. सकाळी दोन तास घमेले उचलणारा तरुण तो तुटलेला संबंध स्वतःच्या हातांनी पुन्हा जोडतो. त्याला इनाम मिळत नाही. पण ज्या बुरुजावरची झुडपे त्याने काढली, त्या बुरुजावर कोणी कचरा टाकू लागला तर तो मधे पडतो. कारण आता तो बुरूज त्याचा झाला. वेठीवाचून हे काम कसे होईल, या जुन्या प्रश्नाचे आमच्या गावाला सापडलेले उत्तर हे असे आहे. अपुरे आहे, पण उत्तर आहे.

आणि वीजकेंद्रात बाप असलेल्या त्या मुलाचे काय? तो आता मोठा झाला आहे. त्याचे वडील अजून त्याच केंद्रात आहेत, आणि तो स्वतः काही सकाळी तटावर असतो. कारखाना बंद करा असे त्याने कधी म्हटले नाही, मीही म्हटले नाही. कारखान्याने राख अडवावी, खाणीने नदीचे पात्र बुजवू नये, नगराने आपली घाण तलावात सोडू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. कामगाराच्या मुलाने हे म्हणण्यात आणि बाहेरच्या पाहुण्याने म्हणण्यात फार फरक आहे. पाहुण्याला परत जायला गाडी असते.

पावसाळा संपला की परकोटाच्या सांध्यांतून पिंपळाची कोवळी, तांबूस पाने डोकावू लागतात. गेल्या वर्षी काढली होती, यंदाही आली आहेत. पक्षी आपले काम सोडणार नाहीत आणि पिंपळही सोडणार नाही. ती पाने अजून बोटाने उपटता येतात. दोन पावसाळे थांबलो तर कुऱ्हाड लागेल, आणि पन्नास वर्षे थांबलो तर दगड जाईल. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाण्याजोगे हे काम आहे.